मागच्या सीटवरची आई

हे माझ्यासोबत घडलं आहे. दुसऱ्या कुणाचं ऐकून मी सांगत नाही.

भूत, प्रेत, लागीर, यातलं मी काही मानत नाही. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळे नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या दाराला कुणी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली नाही. म्हणून हे लिहिताना मला माझाच संकोच वाटतो.

पण घडलं ते घडलं.

आणि दिवसाढवळ्या घडलं. डोक्यावर ऊन होतं. आजूबाजूला माणसं होती.

साल १९८७. मे महिना नुकता लागला होता. जागा अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनिया राज्यातून जाणाऱ्या हायवेवरची.

मी कामठीची. नाव गिरजाबाई. विड्या वळून मी माझ्या एकुलत्या एका मुलाला, धर्मराजला, शिकवलं. तो नोकरीला अमेरिकेत गेला, न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावी. त्याची पत्रं शेजारी वाचून दाखवायचे. ते मला आवडेना. आईला लिहिलेलं आधी शेजाऱ्यानं का वाचावं? म्हणून डोक्याचे केस पिकायला लागल्यावर मी प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले.

मी वाचायला शिकले आणि त्याची पत्रं आटली.

आधी चार-चार पानं यायची. मग एक पान. मग नुसतं, 'मी ठीक आहे. तब्येतीला जप.'

जो ठीक असतो तो असं लिहीत नाही.

हिवाळ्यात मी तिकडे गेले. बघते तर पोरगा अर्धा झालेला. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा. रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत राहायचा. मी विचारायचे, "राजा, काय झालं रे?"

"काही नाही, आई."

सगळा हिवाळा हेच. काही नाही, आई. दिवसा तो कामावर, मी त्या बंद घरात. खिडकीबाहेर बर्फ. बोलायला चिटपाखरू नाही. संध्याकाळी तो यायचा आणि मग आम्ही दोघं दोन खोल्यांत एकेकटे बसायचो.

माझं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. त्याच्या पोटात काय आहे, ते ऐकल्याशिवाय मला विमानात बसायचं नव्हतं. माझं मागणं एवढंच होतं.

त्याचा एक मित्र होता, अतुल. पुण्याचा. दोघं एकाच ऑफिसात. अतुलला बेसबॉलचं भारी वेड. एका शुक्रवारी तो घरी आला आणि म्हणाला, "मावशी, उद्या पहाटे निघायचं. क्लीव्हलँडला मॅच बघायला. तिथे आमचा मित्र आहे, रवी; त्याच्याकडे राहायचं, रविवारी परत."

धर्मराज म्हणाला, "यार, आई काय करेल तिथे?"

"तू काय करणारेस? तोंड पाडून बसणारच ना? ते इथे बसण्यापेक्षा तिथे बस. मावशी, तुम्ही पोळ्या घ्या. मी चहाचा थर्मास आणतो."

मग मला स्वयंपाकघरात गाठून तो हळूच म्हणाला, "गाडीत माणूस बोलतो, मावशी. समोर रस्ता असतो, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. बघू या."

त्याचं म्हणणं खरं ठरलं.

पण ते आम्हाला हवं होतं तसं नाही...

शनिवारी दुपार व्हायच्या आधी आम्ही एका रेस्ट एरियात थांबलो. हायवेच्या कडेला झाडी, गाड्या लावायला जागा, बाथरूमची एक बैठी इमारत आणि गवतावर लाकडी टेबलं-बाकडी. आजूबाजूला नुसते डोंगर. मी एका टेबलावर डबा उघडला. पोरं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून वाद घालत होती.

पलीकडच्या बाकड्यावर एक म्हातारी बसली होती.

गोरी. डोक्याला करडा रुमाल. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती एकटीच होती. जवळ कुठली गाडीही नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती, कुणी न्यायला येणार असल्यासारखी.

तिच्याकडे बघून मला कसंसंच झालं. सगळा हिवाळा मी खिडकीशी तशीच बसले होते.

आपल्याकडे जेवताना कुणी समोर दिसलं की माणूस 'या जेवायला' म्हणतो. समोरचा 'होऊ द्या' म्हणतो. ना तो खरंच येणार असतो, ना आपण खरंच वाढणार असतो. जिभेची सवय ती. ती म्हातारी अमेरिकन आहे, तिला काही कळायचं नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी म्हणाले,

"या बाई जेवायला."

ती उठली.

उठून सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

आता बोलावलं म्हटल्यावर वाढायला हवं. मी एका पोळीवर झुणका घालून तिच्यापुढे ठेवला. तिनं डावा हात मांडीवर ठेवला... आणि उजव्या एका हातानं पोळीचा घास मोडला.

तिकडची माणसं पोळी मोडतात तेव्हा दोन्ही हात लावतात, कागद फाडल्यासारखे. मी पाहिलं होतं. एका हातानं मोडायला जन्म जावा लागतो.

मला बरं वाटलं. काय सांगू, इतक्या महिन्यांत माझ्यासमोर बसून बाईमाणूस जेवलं नव्हतं. मी बोलत सुटले. मुलगा बोलत नाही म्हणाले. त्याला मी राजा म्हणते, म्हणाले. आतल्या आत कुढतोय, म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. मी जो शब्द बोलायची, तोच शब्द तिच्या ओठांवर... जरा मागून.

वारा सुटला होता. माझ्या शालीचं टोक फडफडत होतं.

तिच्या रुमालाचं टोक हलत नव्हतं.

मी बोलायची थांबले. तेव्हा ती पहिल्यांदा आवाज करून म्हणाली, "हं..."

अगदी मी म्हणते तसं.

"मावशी!" मागून अतुल हसत आला. "कावळ्याला पान वाढलंत का?"

"कावळे तुमच्या पुण्यात जेवतात," मी म्हणाले. "आमच्यात माणसांना वाढतात. ही बाई..."

मी वळून बघितलं. समोरचं बाकडं रिकामं होतं. पोळी नव्हती. झुणक्याचा कणसुद्धा सांडलेला नव्हता.

"कुठली बाई?" अतुल म्हणाला.

गेली असेल बाथरूमला, मी मनाशी म्हटलं आणि डबा बंद केला.

क्लीव्हलँडचं ते मैदान तळ्याकाठी होतं. तळं कसलं, समुद्रच. थंड वारा. कामठीतली सगळी माणसं आणून बसवली असती तरी भरलं नसतं, एवढं मोठं. आणि माणसं मूठभर. रांगाच्या रांगा रिकाम्या खुर्च्या. कुणी खोकलं तरी चारी बाजूंनी ऐकू यायचं.

अतुल मला खेळ समजावत होता. "मावशी, चेंडू मारायचा, पळत सुटायचं, आणि जिथून निघालो तिथे परत यायचं. त्याला म्हणतात होम. घरी पोचला की एक रन."

"घरी परत जायचे गुण मिळतात? मग सोपं आहे."

"सोपं कसलं! निम्मे वाटेतच अडकतात."

धर्मराज माझ्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. दाणे स्वतः खात नव्हता. एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत होता. लहानपणी मी त्याला द्यायचे तसे. बऱ्याच वेळानं तो खाली बघत म्हणाला, "आई, तुला एक सांगायचं होतं..."

माझा जीव कानात आला.

तेवढ्यात कुणीतरी चेंडू लांब फटकावला. अतुल खुर्चीवर चढून ओरडला, "गेला, गेला! धर्मा, बघ ना यार!"

धर्मराजनं पुढची शेंग फोडली.

"सांग ना, राजा."

"नंतर."

मी मान फिरवली. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून समोरच्या बाजूला बघितलं. तिकडे वरच्या मजल्यावर सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

एक सोडून.

करडा रुमाल. मांडीवर पर्स.

एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. असतील तशा पुष्कळ म्हाताऱ्या, मी स्वतःला समजावलं. मला थंडी वाजली. मी शाल गळ्याशी ओढली.

तिनंही गळ्याशी हात नेला.

त्या खेळात मधे एकदा सगळे उठून उभे राहतात, हातपाय मोकळे करतात, गाणं म्हणतात. सगळे उठले. माझा गुडघा धरलेला, मी बसूनच राहिले. तीही बसून राहिली. मग अतुलनं हात दिला आणि मी गुडघ्यावर हात टेकून, वाकून, हळूहळू उठले.

ती गुडघ्यावर हात टेकून... वाकून... हळूहळू उठली.

मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? धर्मराजच्या डोक्याला आधीच काय कमी होतं?

रविवारी परत निघालो. डोंगरांत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गाडी धर्मराज चालवत होता. अतुल त्याच्या शेजारी, टोपी तोंडावर ओढून घोरत होता. मी मागे. पुन्हा एक रेस्ट एरिया आला. हा आमच्या परतीच्या बाजूचा. हायवेच्या पलीकडे झाडांतून कालची जागा दिसत होती. तीच टेबलं, तीच बाकडी.

सगळी रिकामी.

"राजा, थांब जरा. मी जाऊन येते."

बाथरूममध्ये मी शाल दारामागच्या खुंटीला अडकवली. बाजूच्या खोलीत कुणीतरी होतं. पाण्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. फक्त मधेमधे...

"हं... हं..."

कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखं.

मी घाईनं कडी काढली. शालीला हात घातला.

खुंटी रिकामी होती.

मी तशीच बाहेर आले. आमची गाडी निघाली होती. मला वाटलं, धर्मराज जवळ घेऊन येतोय. पण गाडी वळली आणि हायवेच्या दिशेला लागली. मागच्या काचेतून मला स्पष्ट दिसलं...

मागच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. डोक्यावरून माझी शाल घेऊन.

"राजाऽऽ!"

मी धावले. माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं धावले. गाडी डोंगराआड गेली.

त्या दिवशी मी जशी एकटी पडले, तशी नवरा वारला तेव्हाही नव्हते. इंग्रजी येत नाही. हातात काही नाही. मी लोकांसमोर जाऊन हात जोडले. "माय सन. कार. एडिसन." एक माणूस माझ्या बाजूनं निघून गेला. एक बाई माझ्या आरपार बघत राहिली, मधे काच असावी तशी. मी तिच्या तोंडासमोर हात हलवला. तिची पापणी हलली नाही.

मी पुन्हा कुणाला हाक मारली नाही. एका बाकड्यावर जाऊन बसले.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवायला बसलं. त्यांनी पाव काढले, फळं काढली. मला भुकेपेक्षा दुसरंच काही हवं होतं. कुणीतरी मान वर करून 'या' म्हणावं. खोटं खोटं म्हणावं. ते जेवले, त्यांनी टेबल पुसलं आणि ते निघून गेले. दुसरे आले. तेही गेले.

मी रस्त्याकडे बघत बसले. हात मांडीवर. बघता बघता माझ्या लक्षात आलं, मी कुणासारखी बसले आहे ते...

ऊन उतरायला लागलं तेव्हा आमची गाडी आली. धर्मराज दार उघडं टाकून धावत आला आणि माझ्या गळ्यात पडला. शेजारी उभा असलेला एक माणूस दचकला. मी त्या क्षणीच तिथे उगवले असावे तसा.

"आई, तू कधी उतरलीस? कशी उतरलीस?"

"मी चढलेच नव्हते, राजा."

"असं कसं? तू आलीस, दार लावलंस, बसलीस. मी आरशात बघितलं ना!"

तो तुटक तुटक बोलत होता. रस्ता मोकळा होता म्हणे, अतुल झोपला होता, आणि त्याला एकदम वाटलं की आत्ता बोललो नाही तर कधीच नाही. मग तो बोलत गेला. समोर बघत. सगळं. मागून आई 'हं... हं...' करत होती. गॅस भरायला थांबला तेव्हा वळून म्हणाला, "पाणी हवंय का?"

सीटवर नुसती शाल होती. तिच्यावरून पट्टा आवळून लावलेला.

मी तो पट्टा कधीच लावत नसे.

"मला वाटलं तू चालत्या गाडीतून..." त्यानं माझा दंड घट्ट धरला.

अतुल बाजूला उभा होता. त्याच्या तोंडावरचं हसू पार गेलेलं. "मावशी, मला मधे एकदा जाग आली होती. धर्मा रडत होता. म्हणून मी डोळे उघडले नाहीत. पण तुमचा आवाज ऐकला मी. तुम्ही म्हणालात, 'सांग, राजा. मी आहे.'"

मी काहीच म्हणाले नव्हते. मी तर इथे...

आम्ही गाडीत बसलो. निघताना मी हायवेच्या पलीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

ती परत आली होती. बाकड्यावर, पर्सवर दोन्ही हात ठेवून. रस्त्याकडे तोंड. तिचे ओठ हलत होते. एकसारखे हलत होते. पाठ केलेलं कुणी मनात पुन्हा पुन्हा म्हणावं तसे.

माझ्या मुलाचं बोलणं होतं ते. तिच्या तोंडात. आणि मधे सहा पदरी रस्ता.

सोमवारी धर्मराजनं रजा घेतली. सकाळी उशिरापर्यंत झोपला. उठून तीन पोळ्या खाल्ल्या. चेहऱ्यावरची काळजी कुणी हातानं पुसून काढावी तशी गेली होती. मी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "राजा, गाडीत काय सांगितलंस?"

"सांगितलं ना, आई. पुन्हा नको. एकदा कसंबसं जमलं मला."

"अरे, पण ती मी नव्हते. तूच मला तिकडून उचलून आणलंस ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तोंडावरचं रक्त उतरलं. त्यानं हातातला कप बशीत ठेवला.

"मग..." तो म्हणाला, "मग मी कुणाला सांगितलं?"

आणि त्याचे डोळे भिंतीकडे गेले. हिवाळाभर जसे जायचे तसे.

मी बघत होते. माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत परत त्या खड्ड्यात उतरत होता.

मी त्याचा हात धरला. "मीच होते."

"पण तू तर तिथे..."

"ते कसं झालं, ते मला विचारू नको. मीच होते, राजा. ऐकलं मी."

"सगळं?"

"सगळं."

त्यानं कप पुढे ओढला. मग लहान मुलासारखं म्हणाला, "आणि तू रागावली नाहीस?"

कशाबद्दल? मला ओरडून विचारावंसं वाटलं. काय केलंस? तुला कुणी काय केलं?

"नाही," मी म्हणाले. "नाही रागावले."

"तेव्हाही तू हेच म्हणालीस," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.

त्यानंतर मी विचारू शकले नाही. कसं विचारणार? त्या आठवड्यात मी विमानात बसले. निरोप द्यायला आला तेव्हा तो हसत होता. पत्रं पुन्हा मोठी यायला लागली. त्यात सगळं असायचं. तेवढं एक सोडून. तिथे नुसतं असायचं, 'तुला तर माहीतच आहे.'

आता माझं वय झालं. धर्मराजचेही केस पांढरे झाले. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, सगळं नीट झालं. मी मात्र अजून कुणाला सहज 'या जेवायला' म्हणत नाही. ताट उचलते आणि आत जाऊन जेवते. सुनेला, नातवंडांना वाटतं, म्हातारी माणूसघाणी झाली.

कोण होती ती? तिनं माझ्या मुलाचं वाईट केलं असतं, तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मागच्या वर्षी धर्मराज कामठीला आला होता. अंगणात आम्ही दोघंच होतो. त्यानं माझे पाय दाबता दाबता मधेच हात थांबवला.

"आई, त्या दिवशी गाडीत तू नसतीस, तर मी आज नसतो."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी नव्हते.